दोन विजयांचा जमाखर्च

क्रिकेटच्या खेळात जितका काटेकोर हिशेब ठेवला जातो, तितका एखाद्या सावकाराच्या पेढीवरही ठेवला जात नसेल. कोण किती डाव खेळला, किती वेळा नाबाद राहिला, किती धावा जमविल्या, ह्याची नोंद दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत करून ठेवावयाची आणि तेवढ्यावरून माणसाची थोरवी ठरवावयाची, असा ह्या खेळाचा परिपाठ आहे. ह्या वहीत विजय मर्चंट ह्यांच्या नावापुढे कसोटी सामन्यांतील सरासरी ४७.७२ अशी लिहिलेली आहे. विजय हजारे ह्यांच्या नावापुढे ४७.६५ अशी. म्हणजे एका धावेचे शंभर भाग केले तर त्यांतील सात भागांचे काय ते अंतर! नाव एक, काळ एक, आणि हिशेबही जवळजवळ एकच. हे वाचून एखाद्या नवख्या वाचकास वाटावे की, हे दोघे जुळे भाऊच असले पाहिजेत.

परंतु तीच वही जरा अधिक उघडून पाहिली म्हणजे निराळे चित्र दिसू लागते. मर्चंटांच्या ८५९ धावा अवघ्या १० सामन्यांतल्या आहेत, आणि ते १० सामने १९३३ पासून १९५१ पर्यंतच्या १८ वर्षांत विखुरलेले आहेत. हजाऱ्यांच्या २१९२ धावा ३० सामन्यांतल्या आहेत, आणि ते सारे सामने १९४६ ते १९५३ ह्या ७ वर्षांत उरकले. मर्चंट कसोटीत इंग्लंडखेरीज दुसऱ्या कोणत्याही देशाशी खेळले नाहीत. हजारे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडीज व पाकिस्तान ह्या चौघांशी खेळले. फलंदाजाचे आकडे त्याच्या गुणांचे जितके असतात तितकेच त्याला मिळालेल्या प्रसंगांचे असतात, आणि प्रसंग देणे न देणे हे चेंडूच्या हाती नसून इतिहासाच्या हाती असते. ह्या दोघांच्या बाबतीत तर इतिहासाने जो हात आखडता घेतला आणि मध्येच जो सैल सोडला, त्याची हकीकत त्यांच्या धावांइतकीच सांगण्यासारखी आहे.

मर्चंटांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ चा, मुंबईचा. घराणे ठाकरसींचे, गिरणीमालकांचे. शाळेत नाव घालताना इंग्रज मुख्याध्यापिकेने नाव व घरचा धंदा विचारला, आणि उत्तरातील 'मर्चंट' हा शब्दच आडनाव म्हणून लिहून घेतला, असे सांगतात. चुकून लागलेले हे आडनाव पुढे क्रिकेटच्या साऱ्या जगाला पाठ व्हावयाचे होते. घरची सुबत्ता असल्यामुळे खेळाकडून त्यांस काही मिळवावयाचे नव्हते, आणि म्हणूनच की काय, खेळाचा अभ्यास त्यांनी एखाद्या शास्त्रासारखा केला. बांधा ठेंगणा, पावले हलकी, आणि चेंडू अंगाजवळ येईतो थांबण्याची विलक्षण धीटाई. यष्टिरक्षकाने झेलावयास हात पुढे करावेत आणि नेमक्या त्या क्षणी चेंडू बॅटीच्या पात्यावरून तिरपा निसटून सीमेकडे जावा, असा त्यांचा तो 'लेट कट' ज्यांनी पाहिला ते म्हातारपणीही त्याचे वर्णन हाताची बोटे वळवून करीत असत.

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर झाला. त्या संघात मर्चंट नव्हते, आणि ते नसण्याचे कारण त्यांच्या खेळात शोधून सापडावयाचे नाही. त्या वर्षाच्या आरंभीच गांधीजी व इतर पुढारी पुन्हा तुरुंगात गेले होते. देशाचे पुढारी गजांआड असताना साहेबाच्या देशात खेळावयास जावयाचे नाही, असे मुंबईच्या हिंदू जिमखान्याने ठरविले, आणि एल. पी. जय ह्यांच्याप्रमाणेच मर्चंटही मागे राहिले. वीस वर्षांच्या तरुणाने पहिल्या कसोटीच्या मानावर पाणी सोडणे ही गोष्ट आज वाटते तितकी लहान नव्हती. हिशेबाच्या वहीत मात्र ह्या रकमेला रकाना नाही.

त्यांचा पहिला कसोटी सामना पुढच्याच वर्षी, १९३३ च्या डिसेंबरात, मुंबईत झाला. खरी कीर्ती मिळाली ती १९३६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात. त्या दौऱ्यातील संघाची अंतर्गत कथा सुखाची नाही; कर्णधाराची मर्जी आणि खेळाडूंचे गट ह्यांनीच तो दौरा गाजला. मँचेस्टरच्या सामन्यात मर्चंटांना धावबाद करवून टाकावे, असे आपणास सांगण्यात आले होते, ही गोष्ट त्यांचे जोडीदार मुश्ताक अली ह्यांनी पुढे स्वतःच सांगितली. मुश्ताकांनी ती मर्चंटांच्या कानावर घातली, दोघेही हसले आणि खेळावयास गेले! भारत ३६८ धावांनी मागे होता. त्या स्थितीत ह्या सलामीच्या जोडीने २०३ धावांची भर घातली; मुश्ताकांच्या ११२ आणि मर्चंटांच्या ११४. सामना अनिर्णित राहिला. इंग्लंडचे जुने खेळाडू सी. बी. फ्राय हे मर्चंटांविषयी असे म्हणाल्याचे सांगतात की, ह्याला पांढरा रंग फासावा आणि आमच्या संघातून सलामीस ऑस्ट्रेलियाला न्यावे. ही स्तुती खरी होती ह्यात शंका नाही. परंतु स्तुती करतानाही साहेबाची नजर आधी रंगावर जात असे, हेही तीवरून कळते.

आणि येथे वही एकदम कोरी होते. १९३६ च्या ऑगस्टनंतर १९४६ च्या जूनपर्यंत भारत एकही अधिकृत कसोटी सामना खेळला नाही. १९३९-४० साली एम. सी. सी. चा संघ यावयाचा होता, तो युद्धामुळे रद्द झाला. मर्चंटांच्या वयाची पंचविशी ते पस्तिशी, म्हणजे फलंदाजाच्या आयुष्यातील जणू सुगीचाच काळ, असा कोरा गेला.

हजाऱ्यांचा तर आरंभच ह्या कोऱ्या पानांत झाला. ते ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस जन्मले. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर, आठ भावंडांचा संसार. मुंबईच्या मैदानावर जी शिकवणी श्रीमंतांच्या मुलांस सहज मिळे, ती सांगलीच्या मास्तरांच्या मुलाला कोठून मिळावयाची? परंतु त्या काळी संस्थानिकांना घोडे, कुस्ती आणि गवई ह्यांच्याबरोबर क्रिकेटचेही वेड लागले होते, आणि त्या वेडातून काही चांगली माणसे वर आली. ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट ह्यांना अशाच एका मराठी संस्थानिकाने मुद्दाम आणविले, आणि हजाऱ्यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. हजाऱ्यांचा पवित्रा मोठा चमत्कारिक होता. बॅट दोन्ही पॅडांच्या मधोमध धरून ते असे उभे राहत की, पाहणाराला वाटावे, ह्या गृहस्थांस ती सोडवून घेण्यासच मदत लागेल. कोणाही पंतोजीने पहिल्याच दिवशी ही खोड मोडली असती. ग्रिमेट ह्यांनी ती मोडली नाही. ज्या पवित्र्यातून मुलगा चेंडूला बिनचूक भेटतो तो पवित्रा वाईट कसा, असा त्यांचा हिशेब असावा. शिक्षकाने काय शिकविले ह्यापेक्षा काय शिकविले नाही ह्यावरून त्याची पारख करावी, असे आम्हांस वाटते ते ह्यामुळे.

१९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध खेळताना हजाऱ्यांनी पुण्यास नाबाद ३१६ धावा केल्या. पुढे ते बडोद्याच्याच आश्रयास गेले आणि अखेरपर्यंत बडोद्याचेच राहिले.

युद्धाच्या त्या वर्षांत इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मैदाने ओस पडली होती. १९३८ साली ३६४ धावांचा विक्रम करणाऱ्या लेन हटन ह्यांचा हात सैन्यातील कवायतीत मोडला आणि कायमचा आखूड झाला. जमैकाचे जॉर्ज हेडली ह्यांनी १९३९ साली लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शतके ठोकली, आणि पुढची आठ वर्षे त्यांना कसोटी पाहावयास मिळाली नाही. त्यांच्या साऱ्या कसोटी धावा भरल्या २१९०. ह्या थोर फलंदाजाची वहीही अशीच अर्धवट मिटली. तथापि हिंदुस्थानात मात्र खेळ बंद पडला नाही. उलट, मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम पंचरंगी सामन्यांना ओसंडून वाहत असे. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि १९३७ पासून 'इतर' असे पाच संघ धर्माधर्मांत खेळत. गांधीजींनी १९४० साली ह्या सामन्यांविरुद्ध स्पष्ट मत दिले होते. खेळात धर्म कशाला, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पण मैदानावरची गर्दी काही त्यामुळे हटली नाही. मर्चंट हिंदूंच्या संघात. हजारे ख्रिस्ती म्हणून 'इतरां'त. ज्यांना कोठेच बसविता आले नाही अशांचा तो संघ, आणि म्हणून बहुधा सर्वांत दुबळा.

१९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांची गोष्ट मुंबईच्या जुन्या घरांतून पुष्कळ दिवस सांगितली जाई. स्पर्धेतील सर्वांत मोठा डाव तोपर्यंत मर्चंटांचा होता, नाबाद २४३. हजाऱ्यांनी मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धावा काढून तो मागे टाकला. अंतिम सामन्यात हिंदूंची गाठ 'इतरां'शी पडली. मर्चंट खेळू लागले, आणि त्यांचा आकडा नाबाद २५० झालेला असताना हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडून दिला. हजाऱ्यांचा विक्रम काही दिवसांत दोन धावांनी मोडला गेला! 'इतरां'चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांत ५९ एकट्या हजाऱ्यांच्या. पुन्हा फलंदाजीस उतरावे लागले, आणि अर्धा संघ बघता बघता परतला. मग विजय हजाऱ्यांच्या जोडीस आले त्यांचे भाऊ विवेक हजारे. ह्या भावाने तासन् तास केवळ बॅट आडवी धरून किल्ला राखला. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली, आणि तीत विवेकांच्या धावा होत्या अवघ्या २१. भरताने पादुका सांभाळाव्यात तशी त्यांनी आपली बाजू सांभाळली, दुसरे काय म्हणावे! 'इतरां'चा सारा डाव ३८७ धावांचा झाला; त्यांत विजय हजारे ३०९. म्हणजे बाकीच्या दहांनी व अवांतरांनी मिळून ७८. हिंदूंनी सामना एक डाव व ६१ धावांनी जिंकला, आणि तरीही तो सामना आज ओळखला जातो तो हरलेल्या माणसाच्या नावाने.

ह्याचा जबाब मर्चंटांनी नव्या वर्षाच्या तोंडावरच दिला. मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या आणि हजाऱ्यांचा ३१६ चा विक्रमही मागे टाकला. दोघांत वैर नव्हते. परंतु एकाने एक मजला चढवावा आणि दुसऱ्याने लगेच त्यावर दुसरा बांधावा, असा हा प्रकार होता. त्याच वर्षी बंगालात माणसे अन्नावाचून रस्त्यावर मरत होती, हे येथे लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. मैदानावरील हजारो प्रेक्षकांना ते ठाऊक नव्हते असेही नाही.

ह्या धावांची खरी किंमत काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैर म्हणता यावयाचा नाही. त्या काळातील आमच्या खेळपट्ट्या म्हणजे फलंदाजांचे माहेर. चेंडू उसळावयाचा नाही, वळावयाचा नाही, आणि सामन्याला दिवसांचीही फारशी टंचाई नाही. अशा ठिकाणी मर्चंटांची रणजी सामन्यांतील सरासरी ९८.७५ पर्यंत गेली. सर्व प्रथम दर्जाच्या सामन्यांतील त्यांची सरासरी ७१.६४ होते, ब्रॅडमन ह्यांच्या ९५.१४ च्या खालोखाल तिचे नाव घेतले जाते. हजाऱ्यांची ५८.३८. ह्याच सपाट भूमीवर १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला अवघ्या ९ धावा कमी असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला, आणि एवढे करूनही निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. तेव्हा नुसत्या घरच्या आकड्यांवर थोरवी ठरवू नये, हे आम्हांस मान्य आहे. मर्चंट ब्रॅडमनच्या खालोखाल होते असे आम्ही त्या ७१.६४ वरून म्हणणार नाही. परंतु ४७.७२ वरून ते मधल्या फळीत बसवावेत असेही कोणी म्हणू नये. मोजमाप करावयाचे तर परक्या भूमीवर आणि कठीण वेळी हे दोघे कसे खेळले ते पाहावे.

१९४६ च्या इंग्लंडमधील उन्हाळा नावालाच उन्हाळा होता. पाऊस, ओल्या खेळपट्ट्या, हातात न ठरणारा चेंडू. तेथे मर्चंटांनी त्या दौऱ्यात २३८५ धावा केल्या, ७४.५३ च्या सरासरीने. घरची पाटा खेळपट्टी सोडली की हे फलंदाज उघडे पडतील, असे म्हणणारांना ह्याहून चांगले उत्तर नव्हते. ओव्हलच्या कसोटीत ते १२८ वर पोचले असताना डेनिस कॉम्प्टन धावत आले. वाकून चेंडू उचलण्यास वेळ नव्हता. कॉम्प्टन आर्सेनलचे नावाजलेले फुटबॉलपटू, त्यांनी सरळ लाथेनेच चेंडू यष्टीवर मारला आणि मर्चंट धावबाद झाले. ह्याला बाद होणे म्हणावे की दुसऱ्याच खेळात पराभूत होणे, हे वाचकांनीच ठरवावे.

हजाऱ्यांची पहिली कसोटी त्याच दौऱ्यात झाली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. पुढील मार्चात, १९४७ साली, बडोद्यास रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी व गुल महंमद ह्यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा केल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही जोडीसाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. पंचरंगी सामने एव्हाना बंद झाले होते. एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान बडोद्याच्या एकाच संघातून खेळत होते, आणि त्यानंतर पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले व १९५६ साली त्या देशाकडून एक कसोटीही खेळले.

स्वतंत्र भारताचा पहिला क्रिकेट संघ १९४७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाला गेला. कर्णधारपद मर्चंटांकडे यावयाचे होते. प्रकृतीने साथ दिली नाही व ते घरीच राहिले. ब्रॅडमनशी त्यांची गाठ कसोटीत कधीच पडली नाही. ही हुरहूर त्या पिढीच्या रसिकांच्या मनातून अखेरपर्यंत गेली नाही.

त्यामुळे अ‍ॅडलेड येथे, १९४८ च्या जानेवारीत, जो प्रसंग आला तो हजाऱ्यांच्या एकट्याच्या वाट्याला आला. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. ब्रॅडमन २०१ धावांवर बाद झाले. त्यांचा त्रिफळा उडविणारे गोलंदाज हजारेच होते, हे पुष्कळांना आठवत नाही. दोन दिवस क्षेत्ररक्षणात काढल्यावर भारताची फळी लिंडवॉल आणि मिलर ह्यांच्यापुढे उभी राहिली. त्या काळी जगात त्याहून वेगवान व त्याहून हुशार जोडी नव्हती. हजाऱ्यांनी ११६ धावा केल्या, दत्तू फडकरांनी १२३, आणि सारा डाव ३८१ वर आला. तो पुरेसा नव्हताच. पुन्हा खेळावे लागले, आणि धावफलकावर एकही धाव लागली नसताना विनू मंकड आणि कर्णधार लाला अमरनाथ दोघेही परतले. शून्यावर दोन बाद. एका बाजूने लिंडवॉल यष्ट्या उखडीत होते. त्यांनी त्या डावात ३८ धावांत ७ बळी घेतले. दुसऱ्या बाजूस हजारे उभे होते, बॅट पॅडांच्या मध्ये, मान खाली. हेमू अधिकाऱ्यांनी ५१ करून त्यांना साथ दिली. हजाऱ्यांनी १४५ केल्या, भारताच्या २७७ पैकी. एकाच कसोटीत दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना एक डाव आणि १६ धावांनी गेला. तो २८ जानेवारीस संपला. दोनच दिवसांनी दिल्लीस गांधीजींची हत्या झाली, आणि त्या आठवड्यात हजाऱ्यांच्या शतकांविषयी बोलण्याइतके भान कोणास उरले नाही.

आम्हांस विचाराल तर ह्या लेखातील साऱ्या आकड्यांत अ‍ॅडलेडचे ते ११६ आणि १४५ सर्वांत जड आहेत. ब्रेबोर्नचे ३०९ हे एकाकीपणाचे काव्य होते. अ‍ॅडलेड ही एकाकीपणाची परीक्षा होती, आणि परीक्षक लिंडवॉल होते.

पुढल्या वर्षी, १९४९ च्या फेब्रुवारीत, वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईस हजाऱ्यांनी १२२ धावा केल्या. ३६१ हव्या होत्या. ८ बाद ३५५ झाल्या आणि घड्याळाने सामना थांबविला. सहा धावांनी भारताचा पहिला कसोटी विजय हुकला. त्या सहा धावा आजही मुंबईच्या जुन्या रसिकांच्या घशात अडकलेल्या आहेत.

एवढे झाल्यावर १९५१ चा नोव्हेंबर उजाडला. इंग्लंडचा संघ आला होता. पहिली कसोटी दिल्लीस. कर्णधार विजय हजारे, वय ३६. संघात पाच वर्षांनंतर विजय मर्चंट, वय ४०. सदाशिव शिंदे ह्यांच्या लेगब्रेकपुढे इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला. शिंद्यांनी ९१ धावांत ६ बळी घेतले. मग मर्चंट सलामीस गेले. पाय पूर्वीइतके हलके राहिले नव्हते, परंतु नजर तीच होती. कसोटीतील भारतीय फलंदाजाचा सर्वांत मोठा डाव तोपर्यंत १४५ धावांचा होता, आणि तो अ‍ॅडलेडचा, हजाऱ्यांचा. मर्चंट १५४ पर्यंत गेले. विक्रम पुन्हा त्यांच्याकडे आला. आणि तो जाताना पाहत समोरच्या टोकाला उभे होते ते हजारेच! दोघांनी मिळून २११ धावांची भर घातली होती. मर्चंट बाद होऊन गेल्यावर हजारे खेळतच राहिले, आणि डाव सोडला तेव्हा ते १६४ वर नाबाद होते. १९४३ सालची ती जुनी चढाओढ आठ वर्षांनी एकाच डावात, एकाच संघातून, पुन्हा पुरी झाली.

हजारे फार सावकाश खेळले, डाव आधी सोडावयास हवा होता, अशी टीका त्या वेळी झाली, आणि ती निराधार नव्हती. इंग्लंडच्या वॉटकिन्सने नाबाद १३७ काढून सामना वाचविला. हजाऱ्यांचा स्वभावच राखण्याचा होता. फलंदाज म्हणून त्यांचा जो गुण, तोच कर्णधार म्हणून त्यांच्या आड आला. हुकूम करणे त्यांस कधी साधले नाही, आणि उलट पराभवाचा भार मात्र ते सारा आपल्याच शिरावर घेत. त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला आपला पहिला कसोटी विजय मिळविला. पण त्याच उन्हाळ्यात लीड्सला, ट्रूमन नावाच्या नव्या पोराने कहर केला आणि दुसऱ्या डावात भारताची स्थिती शून्यावर चार बाद अशी झाली. धावफलकाकडे पाहून छापखान्यातील मंडळींनी ती तार चुकीची समजली असती तरी त्यांस दोष देता आला नसता. त्याच सामन्यात पहिल्या डावी हजाऱ्यांनी ८९ केल्या होत्या व तरुण विजय मांजरेकरांसह २२२ धावांची भर घातली होती; दुसऱ्या डावात ते ५६ काढून फडकरांसह पुन्हा तेच काम करीत राहिले.

मर्चंट तोवर मैदानाबाहेर गेले होते. दिल्लीच्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना चेंडूवर झेप टाकली आणि खांदा दुखावला. त्यानंतर ते भारताकडून खेळले नाहीत. त्यांच्या कसोटी कारकीर्दीचा अखेरचा डाव हाच त्यांचा सर्वांत मोठा डाव ठरला. पुढे आकाशवाणीवरून त्यांचा आवाज घरोघरी ऐकू येऊ लागला. अपंगांच्या नोकरीधंद्यासाठी त्यांनी बरीच वर्षे झटून काम केले. आणि १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष ह्या नात्याने आपले निर्णायक मत अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकून त्यांनी त्यांस कर्णधार केले. त्या वर्षी भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड ह्या दोघांनाही त्यांच्या घरी हरविले. मर्चंट १९८७ च्या ऑक्टोबरात वारले.

हजाऱ्यांनी १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याच्या अखेरीस कसोटी क्रिकेट सोडले. ते बडोद्यासच राहिले, आणि तेथेच १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, निवर्तले.